बीपीची गोळी बोटात चुरा होतेय, स्ट्रिपही वेगळी दिसतेय – औषध बनावट असेल का?

सायली_वर्तकनगर

आधीचा धागा शोधला तर २०२१ मधला रेमडेसिविरचा सापडला आणि त्यात शेवटी राजकारणावरून हाणामारी झालेली दिसली. म्हणून नवीन काढतेय.

माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत, रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० घेतात. पूर्वी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायचो. मध्यंतरी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज यायला लागला, 'कोणतंही ब्रँडेड औषध, २५ टक्के कमी, घरपोच'. अर्ध्या सोसायटीने सुरू केलं, आम्हीही केलं. आता बाबा म्हणतात गोळी बोटात धरली की चुरा होते. मी पाहिलं तर खरंच कडा भुसभुशीत झाल्यात, रंगही किंचित पिवळट. एक जुनी रिकामी स्ट्रिप सापडली ती शेजारी ठेवून बघितली. नाव तेच, कंपनी तीच. पण जुन्या स्ट्रिपवर बॅच नंबर दाबून उमटवलेला होता, नवीनवर काळ्या शाईत छापलाय. जुनीवर कारखान्याचा पत्ता सिक्कीमचा, नवीनवर हिमाचलचा. अक्षरंही जरा जाड वाटतात. त्यात बाबांचं बीपी मध्येच १६० च्या वर जायला लागलंय, एरवी १३०-१३५ असतं.

बिल नाही. ते गृहस्थ रक्कम व्हॉट्सअॅप करतात आणि जीपे घेतात.

हे बनावट असू शकतं का? घरी तपासायची काही पद्धत? तक्रार करायची तर कुठे?

कोलशेतकर

पाण्यात टाकून बघा. खरी गोळी विरघळते, खोटी तळाला बसते. व्हिडिओ आला होता आमच्या ग्रुपवर, शोधून टाकतो.

डॉ_मानपाडा

सायलीताई, बाकी चर्चा होत राहील, आधी दोन गोष्टी. एक, संशय आला म्हणून गोळी बंद करून बसू नका. आजच ओळखीच्या मेडिकलमधून, बिल घेऊन, नवीन स्ट्रिप आणा आणि ती सुरू करा. दोन, बाबांचं बीपी सकाळ-संध्याकाळ, बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून मोजा आणि वहीत लिहा. ते आकडे घेऊन तुमच्या डॉक्टरांना दाखवा. बीपी वाढायला मीठ, झोप, गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या अशी शंभर कारणं असतात. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली तर मात्र वही-बिही नाही, थेट कॅज्युअल्टी.

संशयित स्ट्रिप फेकू नका. उरलेल्या गोळ्यांसकट पाकिटात घालून वेगळी ठेवा.

क्यूसीवाला_रबाळे

कोलशेतकर, तो व्हिडिओ कृपा करून इथे टाकू नका. मी टीटीसी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करतो. पाण्याच्या पेल्यात काहीच सिद्ध होत नाही. आंबटपणासाठी सकाळी उपाशीपोटी देतात तसल्या कित्येक गोळ्यांवर मुद्दाम असा थर असतो की त्या पोटातल्या आम्लात विरघळू नयेत, पुढे आतड्यात विरघळाव्यात. त्या साध्या पाण्यात तासभर ढिम्म राहतील. उलट नुसता स्टार्च दाबून केलेली गोळी दोन मिनिटांत छान विरघळेल. म्हणजे व्हिडिओच्या हिशेबाने खोटी पास आणि खरी नापास!

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणाऱ्या, गोळीचंही तसंच. काही जणांना शौचात अख्खी गोळी पडलेली दिसते आणि 'औषध खोटं, पचलंच नाही' म्हणून धावत येतात. औषध हळूहळू झिरपून गेलेलं असतं, बाहेर पडतो तो नुसता सांगाडा.

आता सायलीताईंच्या गोळीबद्दल. एक विचारतो: बाबा गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत ठेवतात का?

सायली_वर्तकनगर

हो! सोम-मंगळ-बुध लिहिलेली सात खणांची डबी आहे. रविवारी रात्री आठवड्याच्या भरून ठेवतात.

क्यूसीवाला_रबाळे

मग भुसभुशीतपणाचं निम्मं उत्तर तिथे असू शकतं. टेल्मिसार्टन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून गोळीत अल्कली घालावी लागते. त्यामुळे ती गोळी हवेतली ओल शोषून घेते. म्हणूनच बहुतेक कंपन्या ती दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमध्ये देतात, जिला आम्ही अॅल्यु-अॅल्यु म्हणतो. ठाण्याच्या पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या डबीत उघडी ठेवली तर आठवडा संपेपर्यंत मऊ होते, फुगते, कधी पिवळट होते. औषध अस्सल असलं तरी.

खात्री करायची तर एक गोळी थेट स्ट्रिपमधून काढा आणि डबीतल्या गोळीशेजारी ठेवून बघा. स्ट्रिपमधलीच चुरा होत असेल तर मात्र काहीतरी गडबड आहे.

शंकेखोर

म्हणजे धागा संपला? डबी बदला, पुढचा प्रश्न?

केमिस्ट_ऐरोली

संपला नाही. माझं ऐरोलीत दुकान आहे, बी. फार्म. होऊन वीस-बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून बोलतो.

ताईंनी स्ट्रिपमधले जे फरक सांगितले त्यातला एकही फरक पकडून मी 'बनावट' म्हणणार नाही. मोठ्या कंपन्या एकच गोळी चार ठिकाणी बनवून घेतात, त्यातल्या दोन जागा दुसऱ्याच्या कारखान्यात असतात. कारखाना बदलला की पत्ता बदलतो, पॅकिंग लाइन बदलली की दाबलेल्या बॅच नंबरच्या जागी छापलेला येतो, फॉइलचा पुरवठादार बदलला की रंगाची छटा बदलते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा महिनाभर लोक माझ्याशी भांडत होते की एकाच औषधाच्या दोन स्ट्रिपवर दोन किमती कशा. आणि आता बनावट माल करणाऱ्यांची छपाई इतकी चांगली असते की मला, रोज हजार स्ट्रिप हाताळणाऱ्याला, नजरेने सांगता येत नाही. स्पेलिंग चुकलेली स्ट्रिप पकडायचे दिवस गेले.

मला खटकलं ते वेगळंच. बिल नाही, हे.

हिशेब सांगतो. सरकारी किंमत-नियंत्रणातल्या औषधावर दुकानदाराला १६ टक्के मिळतात. बाकीच्यांवर रिवाजाने २०, आणि स्टॉकिस्टला, म्हणजे आम्हाला माल देणाऱ्या घाऊक विक्रेत्याला, १०. यातून भाडं, लाइट, पोरांचे पगार, एक्सपायरीचा तोटा. मी नेहमीच्या गिऱ्हाइकाला १० टक्के सोडतो, तिथेच घाम फुटतो. मोठ्या साखळ्या आणि अॅपवाले कंपनीकडून थेट, स्कीममध्ये, ढिगाने घेतात, वर पदरचे पैसेही घालतात, म्हणून २०-२५ देऊ शकतात. पण दुकान नाही, परवाना दिसत नाही, महिन्याला शे-दोनशे स्ट्रिप विकतो आणि सगळ्या ब्रँडवर सरसकट २५ टक्के? हा माल कुठून आणतो? फिजिशियन सँपल, म्हणजे कंपनीने डॉक्टरांना फुकट दिलेला नमुना, असेल. सरकारी पुरवठ्यातून फुटलेला असेल. एक्सपायरीला टेकलेला, तारीख पुसून नवी मारलेला असेल. चोरीचा असेल. किंवा बनावट असेल. यातलं काहीही असलं तरी तो बिल देणार नाही, कारण बिल दिलं की त्याला स्वतःचं खरेदीचं बिल दाखवावं लागेल.

चिठ्ठीवरच्या औषधाच्या बिलावर कंपनी, बॅच नंबर आणि एक्सपायरी असायला हवी. स्ट्रिप बघण्याआधी ते बघा, आणि बिलावरची बॅच स्ट्रिपवरच्या बॅचशी जुळवा. मला कोणी काउंटरवर उभं राहून तसं जुळवून बघितलं तर राग येत नाही.

कोलशेतकर

मेडिकलवाले तरी कुठे नेहमी बिल देतात? 'बिल पाहिजे का' असं विचारतात, जणू उपकारच.

केमिस्ट_ऐरोली

बरोबर आहे तुमचं. आमच्यातले बरेच जण देत नाहीत, आणि 'राहू द्या हो' म्हणणारी गिऱ्हाइकंही तितकीच. कायद्याने परवानाधारक स्टॉकिस्टकडून बिलावर घेतलेला, नीट साठवलेला माल पुढे खोटा निघाला आणि मला ते कळणं शक्य नव्हतं, तर मला संरक्षण आहे. म्हणून मी माझी खरेदीची बिलं सोन्यासारखी जपतो. ज्याच्याकडे ती नसतात तो तुम्हालाही विक्रीचं बिल द्यायला कचरतो. एवढी साधी परीक्षा आहे ही.

पावभाजी_प्लीज

क्यूआर कोड स्कॅन केला की कळतं ना खरं-खोटं? सरकारने सक्तीचा केलाय.

क्यूसीवाला_रबाळे

सगळ्यांवर नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठराविक ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, कंपनी, पत्ता, बॅच, तयार झाल्याची तारीख, एक्सपायरी, परवाना क्रमांक दिसायला हवा. दिसलं आणि स्ट्रिपशी जुळलं नाही तर खुशाल संशय घ्या. त्या ब्रँडवर कोडच नसेल तरी घ्या. पण जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका. बहुतेक ठिकाणी एका बॅचच्या सगळ्या स्ट्रिपवर तोच कोड असतो. अस्सल स्ट्रिपचा फोटो काढून छापला तर खोट्या स्ट्रिपवरचा कोडही अस्सल माहितीच दाखवणार.

शंकेखोर

मला एक कळत नाही. एवढी सगळी चर्चा, पण प्रमाण किती आहे याचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट. मग आपल्या घरातल्या दहा स्ट्रिपपैकी एक खोटी? उगाच घाबरवणं चाललंय.

क्यूसीवाला_रबाळे

दहातलं एक हा आकडा बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा मिळून आहे आणि त्यात निकृष्टही धरलेत. आपल्याकडे २०१४ ते २०१६ मध्ये देशभरातून सुमारे ४७ हजार नमुने घेऊन सरकारी पाहणी झाली. निकृष्ट निघाले ३.१६ टक्के. बनावट, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकलेले किंवा आत औषधच नसलेले, ०.०२४५ टक्के. दहा हजारांत दोन-तीन. पण त्याच पाहणीत सरकारी पुरवठ्यातले निकृष्ट नमुने १० टक्क्यांच्या आसपास होते, हे लोक सांगत नाहीत.

आणि सरासरीचा तुम्हाला मला उपयोग नाही. सगळ्या दुकानांत सारखा धोका नसतो. बिलावर विकणाऱ्या दुकानात जवळपास नाही, आणि व्हॉट्सअॅपवाल्याकडे किती, ते कोणी मोजलेलंच नाही.

आपल्या राज्यातलंच उदाहरण देतो. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयात २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या तपासल्या, औषध शून्य. पुढे तपासात आलं ते असं की टाल्कम पावडर आणि स्टार्च, हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या लॅबमध्ये दाबलेलं. तापाने फणफणलेल्या माणसाला अँटिबायोटिक म्हणून पावडर. अंगावर काटा येतो.

निवृत्त_नौपाडा

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांना जेजे आठवतंय माहीत नाही. १९८६ च्या सुरुवातीला जेजे रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा, डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरॉल देतात, ते दिलं होतं. त्यात औद्योगिक ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल होतं. मूत्रपिंडं बंद पडून गेले लोक. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि त्यांनी एफडीएपासून (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) मंत्र्यांपर्यंत कुणालाच सोडलं नाही. आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. मी तेव्हा मंत्रालयात क्लार्क होतो, महिनोन्महिने कॉरिडॉरमध्ये दुसरा विषय नव्हता.

शंकेखोर

काका, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. आता केमिस्ट साहेबांनी सांगावं: २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून जास्त लहान मुलं कफ सिरपने गेली. तिथे कंपनी खरी होती, परवाना खरा होता, दुकान खरं होतं, बिलही मिळालं असतं. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये तेच डायइथिलीन ग्लायकॉल, ४८.६ टक्के! जवळजवळ निम्मी बाटली. तुमचं बिल काय कामाचं?

केमिस्ट_ऐरोली

काही कामाचं नाही. तुम्ही म्हणता ते खरंय. ते औषध बनावट नव्हतंच, कंपनीचं स्वतःचं भेसळीचं औषध होतं. तिथे बिल एवढंच करतं की कोणती बॅच कुठल्या घरात गेली ते शोधता येतं आणि परत मागवता येते. ते तरी होऊ दे.

क्यूसीवाला_रबाळे

यात आमच्या धंद्याची लाज आहे. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला ग्लिसरीनसारखं, चवीला गोड, आणि स्वस्त. द्रावक म्हणून आलेला प्रत्येक ड्रम तपासायचा असतो. तपासणीला फार मोठं यंत्रही लागत नाही. १९८६ ला माहीत होतं, २०२२ ला गांबियात भारतात बनलेल्या सिरपशी जोडलेले साठहून जास्त मुलांचे मृत्यू झाले तेव्हा माहीत होतं, आणि तरी २०२५. कोणीतरी ड्रम न तपासता टाकीत ओततो. घरबसल्या हे ओळखायची कुठलीही युक्ती नाही, ना वासाने, ना चवीने, ना रंगाने.

डॉ_मानपाडा

घरबसल्या ओळखता येत नाही, पण टाळता येतं. छिंदवाड्याचं सिरप ज्या मिश्रणाचं होतं, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन, ते मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने पुन्हा बजावलं, दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. माझ्याकडे येणारे आईबाप मात्र सिरप लिहून दिलं नाही तर नाराज होऊन जातात आणि खालच्या मेडिकलमधून स्वतःच घेतात.

आणि हे लक्षात ठेवा: सिरप चालू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, उलट्या, गुंगी, तर बाटली हातात घेऊन लगेच रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

खारघरची_मुग्धा

गेले वर्षभर आईच्या कॅन्सरच्या उपचारांमुळे हा विषय जवळून बघतेय. तिची इम्युनोथेरपीची इंजेक्शनं दीड लाखाच्या पुढे आहेत एकेक. वेटिंगमध्ये बसलेल्या एका माणसाने हळूच नंबर दिला, 'हेच इंजेक्शन पंचावन्न हजारांत, सीलबंद.' इथल्या कुठल्या रुग्णालयाचं नाव घेत नाही, असे लोक सगळीकडेच घुटमळतात.

मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी पकडली होती. रुग्णालयांतल्या ओळखीच्या लोकांकडून महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या पाच-पाच हजारांना विकत घ्यायचे, त्यात बुरशीवरचं औषध भरायचे आणि लाख-दोन लाखांना विकायचे. कुपी खरी, लेबल खरं, बॅच खरी. आत मात्र दुसरंच काहीतरी. कोविडमध्ये बारामतीला रेमडेसिविरच्या कुप्यांत पॅरासिटामॉल भरून विकलं होतं, त्याचाच हा मोठा भाऊ.

म्हणून आमच्याकडे ठरलंय की इंजेक्शन रुग्णालयाच्याच फार्मसीतून किंवा कंपनीच्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून. टोचण्याआधी मी कुपीवरची बॅच बिलाशी जुळवते आणि फोटो काढते. संपल्यावर सिस्टरना सांगते, माझ्यासमोर लेबलवर मार्करने काट मारा आणि खोका फाडा. पहिल्यांदा त्यांना विचित्र वाटलं. आता मी आले की त्याच मार्कर काढतात. पैसे कमी पडत असतील तर अशा माणसाकडे जाण्याआधी डॉक्टरांना आणि समाजसेवा विभागाला विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या मदत योजना असतात, त्या कोणी आपणहून सांगत नाही.

पावभाजी_प्लीज

मुग्धा, आईंना लवकर बरं वाटू दे. खोका फाडायची गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. आम्ही तर औषधांचे खोके भंगारवाल्याला अख्खेच देतो.

केमिस्ट_ऐरोली

भंगारवाल्याला द्या, पण फाडून. एक्सपायर झालेल्या स्ट्रिप कात्रीने कापून.

घोडबंदर_रनर

अवांतर वाटेल, पण आमच्या जिममध्ये एक जण वजन कमी करायची 'पेन' विकतोय. परदेशातून आणली म्हणतो, बर्फाच्या पाकिटाशिवाय, पेपरमध्ये गुंडाळून.

डॉ_मानपाडा

अवांतर नाही, हाच विषय आहे. वजन कमी करायच्या पेनमधलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड, त्याच्या बनावट इंजेक्शनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. ऑस्ट्रियात २०२३ मध्ये असल्या पेनने लोकांची साखर एकदम खाली जाऊन ते रुग्णालयात भरती झाले. आत इन्सुलिन असावं असा संशय होता. मधुमेह नसलेल्या माणसाला नकळत इन्सुलिन म्हणजे जिवाशी खेळ. आणि पेन अस्सल असली तरी ती थंड साखळीतून आलेली नाही.

त्याच जातीची आपली देशी गोष्ट म्हणजे सांधेदुखीची 'शुद्ध आयुर्वेदिक' पुडी. स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात, हल्ली इन्स्टावर. दोन दिवसांत गुडघे मोकळे. मग सहा महिन्यांनी बाई माझ्याकडे येतात तेव्हा चेहरा चंद्रासारखा गोल, पोटावर जांभळे वळ, साखर तीनशे. पुडीत स्टेरॉइड असतं. अशा पुड्या अचानक बंद केल्या तर माणूस कोसळू शकतो, म्हणून ज्यांच्या घरात चालू आहेत त्यांनी त्या फेकू नका, पुडीसकट डॉक्टरांकडे जा. वैद्यांच्या औषधांना मी नावं ठेवत नाही. ज्या पुडीवर उत्पादकाचं नाव, परवाना, बॅच काहीच नाही तिच्याबद्दल बोलतोय.

कोलशेतकर

आमच्या मावशीचा चेहरा तसाच झालाय. आज फोन करतो.

शंकेखोर

शिक्षा काय होते पण? जामिनावर सुटतात आणि पुढच्या गल्लीत सुरू.

निवृत्त_नौपाडा

कायद्यात कडक आहे. आपल्या डॉ. माशेलकरांच्या समितीने २००३ मध्ये फाशीची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही, पण २००८ च्या दुरुस्तीने बनावट औषधाने जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची शक्यता असेल तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाख किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट दंड, यातलं जे जास्त असेल ते. कागद कडक, पण इन्स्पेक्टर मोजके. जिल्हा केवढा, भिवंडीची गोदामं केवढी, माणसं किती?

सायली_वर्तकनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. घडलं ते सांगते.

थेट स्ट्रिपमधून काढलेली गोळी टणक आहे, चुरा होत नाही. क्यूसीवाले दादांचं डबीचं म्हणणं पटलं. बाबांना स्ट्रिप कात्रीने कापून एकेक गोळी फॉइलसकट डबीत ठेवायला सांगितलंय. कुरकुर चालू आहे.

पण स्ट्रिपचं कोडं काही सुटलं नाही. कंपनीच्या ग्राहक कक्षाला फोटोसकट मेल केला. उत्तर सभ्य आलं: हा बॅच नंबर आमचा आहे, हिमाचलमधल्या कारखान्यातून निघालेला आहे. मात्र तुमच्या हातातली स्ट्रिप त्याच बॅचमधली आहे का हे खरेदीच्या बिलाशिवाय आम्ही सांगू शकत नाही, बॅच नंबर नक्कल करता येतो. म्हणजे केमिस्ट दादा म्हणाले तिथेच गाडी अडली.

त्या गृहस्थांना ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, 'बिल आणि दुकानाचा परवाना क्रमांक पाठवाल का?' आधी म्हणाले 'ताई, तुम्हाला विश्वास नसेल तर घेऊ नका'. मग रात्री ग्रुप सोडून गेले. गंमत म्हणजे काही शेजारी माझ्यावरच चिडलेत, स्वस्त औषधं बंद झाली म्हणून! एक काकू लिफ्टमध्ये बोलतसुद्धा नाहीत.

बाबा नेहमीच्या दुकानातली गोळी घेतायत. बीपी उतरतंय, पण डॉक्टरांनी गुडघ्याची वेदनाशामक गोळीही थांबवली आहे, त्यामुळे नक्की कशामुळे ते सांगता यायचं नाही.

आता वागळे इस्टेटच्या एफडीए ऑफिसात लेखी तक्रार द्यायचा विचार आहे. स्ट्रिप त्यांच्याकडे देऊन टाकू का?

केमिस्ट_ऐरोली

सगळ्या देऊ नका. एक सीलबंद स्ट्रिप स्वतःकडे ठेवा, दिलेल्याची पोच घ्या. अर्जात त्या माणसाचा नंबर, जीपेचे व्यवहार, ग्रुपवरच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट लावा. कोर्टात टिकणारा नमुना इन्स्पेक्टरला स्वतः विक्रेत्याकडून, फॉर्म १७ (नमुना घेतल्याची लेखी सूचना) देऊन, भाग करून सील करून घ्यावा लागतो. तुमची स्ट्रिप त्यांना धागा देते, कुठे धाड टाकायची त्याचा. आधी फोन करायचा तर एफडीएचा टोल फ्री १८००-२२२-३६५ आहे. औषधाने त्रास झाला असेल, नुसता संशय नव्हे, तर तो १८००-१८०-३०२४ वर वेगळा कळवा, तो औषधांच्या दुष्परिणामांचा राष्ट्रीय कक्ष आहे.

खारघरची_मुग्धा

सामान्य माणसाला स्वतः लॅबमध्ये तपासून घेता येतं का? खाजगी लॅबनी मला दारातूनच परत पाठवलं होतं.

क्यूसीवाला_रबाळे

येतं. औषध कायद्याचं कलम २६. विकत घेणारी कोणतीही व्यक्ती ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे औषध तपासायला देऊ शकते. अर्ज फॉर्म १४-ए मध्ये करायचा, अहवाल १४-बी मध्ये मिळतो. एफडीएची लॅब वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. फॉर्म वागळे इस्टेटलाही विचारा. चार-दोन गोळ्यांवर तपासणी होत नाही, पुरेशा स्ट्रिप लागतात, आणि त्या सगळ्या एकाच बॅचच्या हव्यात.

सायली_वर्तकनगर

एकाच बॅचच्या तीन स्ट्रिप आहेत माझ्याकडे. शेजारच्या दोन घरांतही त्याच गृहस्थांकडची हीच बॅच आहे, लिफ्टवाल्या काकूंकडेसुद्धा. विचारून बघते.